लाखावर तीन

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. किती जुनी, हे मात्र विचारू नका, कारण तिथूनच माझा गोंधळ सुरू होतो. खुर्चीला तिचा सुतार सांगता येतो, घड्याळाला त्याचा कारखाना सांगता येतो. मला कोणी घडवलं? माणसं मोजायला शिकली तेव्हा मी जन्मले, की त्याआधीपासूनच कुठेतरी गुपचूप बसून होते? खरं सांगते, मला ठाऊक नाही. आठवतं तेव्हापासून मी लाखाच्या शेजारी राहते. लाख, मग एक लाख एक, मग एक लाख दोन आणि मग मी, एक लाख तीन.

शेजार मोठा, पण सुखाचा नाही. लाखाचा थाट काय वर्णावा! कोणाचं कौतुक करायचं तर ‘लाखात एक’ म्हणतात, देवाला वाहायचं तर लाखोली वाहतात. आणि त्याला कसाही वाटा, तो हसत हसत वाटला जातो. दोघांत वाटा, पाच जणांत वाटा, हजार जणांत वाटा, हातात काही उरत नाही. तो मला म्हणायचा, “माझ्या पोटात बघ किती मंडळी राहतात. तुझ्या पोटात कोण आहे?”

मला सांगता यायचं नाही. एक लाख एकच्या पोटात अकरा राहतो. एक लाख दोनच्या घरात तर दोन, तीन, सात अशी वर्दळ. माझ्याच घरात सामसूम. कोणीतरी असेल, झोपलं असेल, असं म्हणून मी मनाची समजूत काढायची. आपल्याच घरात कोण राहतं हे आपल्यालाच कळू नये, याहून मोठी पंचाईत कोणती?

कामही मला फारसं मिळालं नाही. एकदा केळीच्या ट्रकच्या मीटरवर मी आले होते. लाख किलोमीटर झाले तेव्हा ड्रायव्हरने गाडी थांबवून फोटो काढला, क्लिनरला पेढा दिला. तीन किलोमीटरनंतर मी आले, तर दोघं क्रिकेटवर भांडत होते. मीटरकडे बघायला कोणाला सवड होती? मी आले आणि गेले.

अशी मी बिनकामाची संख्या अखेर बुऱ्हाणपूरला, शनवारा मोहल्ल्यात, मंगलाबाईंच्या गच्चीवर जाऊन पोचले. तेही एका बाईमुळे. तिचं नाव भागाबाई.

मंगलाबाई म्हणजे तिथल्या बायकांच्या भजनी मंडळाच्या कर्त्या. मंडळात त्या धरून पाच जणी होत्या. सगळ्यांत तिखट जिभेच्या सरूबाई, तापीकाठच्या केळीच्या बागांवर हुकूम चालवून आलेल्या, त्यामुळे गच्चीवरही हुकूमच चालवायच्या. या पाच जणींनी तापीमाईला लाख वाती लावायचं ठरवलं होतं. दर दुपारी गच्चीवर चटई टाकायची, कापूस पिंजायचा, वाती वळायच्या, शंभराची एक जुडी बांधायची. प्रत्येकीच्या वाट्याला वीस हजार. त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर जाऊन लावायच्या.

भागाबाई या पाचांतल्या नव्हेत. त्या चांदनी गावच्या. वर्षापूर्वी त्यांना लकवा झाला, उजवा हात लुळा पडला, तोंडही जरा वाकडं झालं. मुलगा योगेश त्यांना शनवाऱ्यात आपल्या घरी घेऊन आला. दिवसभर एकटी आई घरात काय करणार, म्हणून कामावर जाताना तो तिला मंगलाबाईंकडे सोडायचा. भागाबाई भिंतीला टेकून बसायच्या आणि डाव्या हाताने वात वळायला बघायच्या. एका हाताने वात वळून बघा, मित्रांनो, म्हणजे कळेल. मांडीवर कापूस ठेवायचा, तळव्याने घासायचा, आणि पीळ बसतोय असं वाटेपर्यंत तो सुटायचा. सुटला की त्या पुन्हा तोच कापूस घ्यायच्या. सरूबाई एकदा म्हणाल्या होत्या, “कापूस वाया जाऊ राह्यला नुसता.”

दिवाळी झाली, लाख वाती पुऱ्या झाल्या. मंगलाबाईंनी देवापुढे संकल्प सोडायला हातात पाणी घेतलं, तेवढ्यात भागाबाई म्हणाल्या, “थांब वं मंगला. माह्याबी घे.” आणि पदराची गाठ सोडून त्यांनी तीन वाती पुढे केल्या. जाड, वाकड्या, करंगळीएवढ्या. वर्षभरात टिकल्या त्या एवढ्याच.

मंगलाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी त्या तीन वाती सगळ्यांच्या वर ठेवल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, “एक लाख तीन वाती, तापीमाईले.”

मित्रांनो, कोणी मला एवढ्या प्रेमाने हाक मारल्याचं मला आठवत नाही. मी इतकी गोंधळले की क्षणभर वाटलं, लाखालाच बोलावत असतील.

कौतुक मात्र फार टिकलं नाही.

मंडळाची एक रीत होती. पौर्णिमेच्या आधी सगळ्या वातींची सारखी वाटणी करायची, प्रत्येकीने आपला वाटा आपल्या हाताने लावायचा, आणि एकही वात शिल्लक ठेवायची नाही. शिल्लक राहिली तर व्रत अपुरं राहिलं असं त्या मानत. आता भागाबाई धरून सहा जणी झाल्या होत्या. जुड्यांचे सहा ढीग झाले, मग सुट्या वाती आल्या, एकेक करून वाटल्या, आणि शेवटी चटईवर एक वात उरली. जाड, वाकडी. भागाबाईंची.

“तापीमाईचाबी एक वाटा काढा,” मंगलाबाई म्हणाल्या. सात ढीग केले. एक उरली. तीच. मग कोणीतरी सुचवलं, माणसांत नको, दिव्यांत वाटा, एकवीस दिवे धरा. अख्खी दुपार गेली, कमरा मोडल्या, आणि एकवीस ढिगांच्या मधोमध पुन्हा तीच जाड वात.

माझी अवस्था काय सांगू! सहाचा माझ्याशी काही संबंध नाही, साताचा नाही, एकविसाचा नाही, हे मला त्याच दिवशी कळत होतं. पण प्रत्येक वेळी एकच का उरावी? मलाच भीती वाटू लागली. आपल्यातच काही खोट आहे, असं वाटायला लागलं.

सरूबाईंना भीती वाटली नाही, राग आला. त्यांनी सगळ्या जुड्या गोळा करून पाच ढीग केले. वीस, वीस, वीस, वीस, वीस हजार. आणि बाजूला उरल्या बरोबर तीन.

“पाह्य,” त्या म्हणाल्या. “पाच जनी होतो तं कसं बराबर होतं. या तिनानं सारं बिघडवलं. मी काय खोटं बोलू राह्यली का?”

हिशेब समोरच पडला होता, त्याच्याशी भांडणार कसं? भागाबाईंनी मान खाली घातली. मग त्या डाव्या हाताने पदर सारखा करत म्हणाल्या, “माह्या काढी घ्या वं बाई. मी घाटावर बसीन, तुमच्या पाहीन. पाह्यल्यानंबी पुन्न्य लागतेच.”

दुसऱ्या दिवशी योगेश आला तो एकटाच. म्हणाला, “आई नही म्हणते यायले. म्हणते, माह्यामुळं वाटणी अडते.”

मंगलाबाईंना जेवण गेलं नाही. संकल्पात म्हटलेलं मागे कसं घ्यायचं, हा एक प्रश्न. आणि बाईला गच्चीवरून उठवून लावली, हा दुसरा, त्याहून मोठा.

त्यांची मुलगी हिमानी कॉलेजात गणित घेऊन शिकत होती. ती म्हणाली, “मम्मी, तू टेन्शन नको घेऊ. इतका बडा नंबर आहे, कोणता ना कोणता फॅक्टर भेटेलच ना. तेवढे ढीग करायचे, बस.”

मला किती बरं वाटलं! निदान कोणीतरी माझ्या घरात डोकावून बघणार होतं. हिमानी कामाला लागली. शेवटचा अंक तीन, म्हणून दोन आणि पाच बाद. माझ्या अंकांची बेरीज चार, म्हणून तीन बाद. मग तिने मोबाईलवर भागाकार सुरू केले, आणि थोड्याच वेळात ओरडली, “मिल गया! अकरा! अकरानं जाते!”

माझ्या पोटात अकरा? मी चकित झाले. इतकी वर्षं आवाजही आला नाही त्याचा! पण मुलगी शिकलेली, तिला खोटं कसं म्हणू? मी मुकाट्याने आनंदले. मंगलाबाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं, योगेशला फोन करून भागाबाईंना आणवलं. अकरा ताटं मांडली. प्रत्येक ताटात नऊ हजार एक्क्याण्णव वाती पडल्या.

दोन उरल्या. दोन्ही जाड.

हिमानीने मोबाईल बघितला आणि कपाळावर हात मारला. तिनाच्या जागी तिने एक दाबला होता. म्हणजे अकरा सापडला तो माझ्या शेजारणीच्या घरात, एक लाख एकच्या. सरूबाईंनी हिमानीकडे नाही, भागाबाईंकडे बघितलं. “आधी एक उरत होती, आता दोन उरल्या,” एवढंच त्या म्हणाल्या. भागाबाईंनी दोन्ही वाती उचलल्या, ताटांतून तिसरी शोधून काढली, तिन्ही पदरात बांधल्या आणि योगेशला फोन लावायला सांगितलं. त्या गेल्या तेव्हा मी लाख झाले, की मी मीच राहिले आणि वातीच कमी झाल्या? मला काही उमगेना.

हिमानीला मात्र सरूबाईंची ती नजर झोंबली. त्यानंतर दोन दिवस ती माझ्यामागे लागली. तेरा, सतरा, एकोणीस, तेवीस. प्रत्येक जण माझ्या दाराशी यायचा, टकटक करायचा, आणि काहीतरी उंबऱ्यात टाकून परत जायचा. तेरा गेला तेव्हा सात उरल्या, सतरा गेला तेव्हा नऊ. दर वेळी मला वाटायचं, आता दार उघडेल. ती चिडायची, मोबाईल आपटायची. “आहे कुठं यार हा! भेटतच नही!” मलाही तेच विचारायचं होतं.

मग एका संध्याकाळी ती थांबली. तीनशे तेराशी थांबली. मोबाईल बाजूला ठेवला आणि हळूच हसली. मंगलाबाईंना म्हणाली, “मम्मी, भेटत नही आणि नहीच आहे, या दोन गोष्टी अलग आहेत. मी पागलासारखी शोधू राह्यली होती. तो नहीच आहे.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे उद्या सगळ्यांले बोलव. भागाकाकूले पण. मी स्वतः घेऊन येते.”

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सगळ्या जमल्या. भागाबाई जिन्याजवळच बसल्या, परत जायला सोपं पडावं म्हणून. हिमानी म्हणाली, हा नंबर कोणत्याच आकड्यानं जात नाही, मोबाईलवर सुद्धा पाहिलं. सरूबाई म्हणाल्या, “मोबाईलनं एक तरी वात वळली का वं आजपर्यंत?”

“बरं काकू, मोबाईल राहू द्या. तुम्ही करा.” हिमानीने सहा बारीक वाती आणि भागाबाईंकडून मागून घेतलेली एक जाड वात सरूबाईंपुढे ठेवली. “या सात. बराबर रांगा लावा.”

सरूबाईंनी दोन-दोनच्या रांगा लावल्या. जाड वात उरली. तीन-तीनच्या लावल्या. जाड वात उरली. “पाह्य,” त्या विजयाने म्हणाल्या, “हेच उरते. हे कोणात बसतच नही.”

“आता हिले सगळ्यात आधी ठेवा.”

सरूबाईंनी जाड वात पहिल्या रांगेत पहिली ठेवली. मग बाकीच्या लावल्या. दोन, दोन, दोन. एक बारीक वात हातात राहिली. त्यांनी रांगा मोडल्या, तीन-तीनच्या केल्या. पुन्हा एक बारीक वात राहिली. ती त्यांनी उचलून बघितली. घट्ट पिळाची, दोन्ही टोकं दुमडलेली. अशी वात त्या गच्चीवर एकच बाई वळत होती.

“हे तं माही आहे,” सरूबाई म्हणाल्या.

हिमानी म्हणाली, “काकू, जी शेवटी ठेवाल ती उरते. भागाकाकूच्या वाती जुडीत नव्हत्या, सुट्या होत्या, म्हणून शेवटी वाटायले आल्या, म्हणून त्याच उरल्या. वातीत काही नही. सात हा आकडाच तसा आहे. आणि आपला एक लाख तीन पण तसाच.”

“सात लहान आहे,” मंगलाबाई म्हणाल्या. “एवढ्या मोठ्याचं तुला काय ठाऊक? पुढं कुठं जात असंल.”

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण मीही इथेच पहिल्यांदा नीट ऐकलं. हिमानी म्हणाली, सगळ्या वाती सारख्या रांगांत लावल्या असं धरा. एक आकडा रांगांचा, एक आकडा एका रांगेतल्या वातींचा. दोन्ही आकडे तीनशे सतरा किंवा त्याहून मोठे असतील का? नाही, कारण तीनशे सतरा रांगांत तीनशे सतरा वाती लावल्या तरच एक लाखाच्या वर चारशे एकोणनव्वद होतात, आपल्याकडे तर तीनच आहेत. म्हणजे दोघांतला एक आकडा तीनशे सोळा किंवा त्याच्या आतला हवा. आणि आतलं सगळं तिने पाहिलं होतं. दोनने गेली नाही म्हणजे चारने, सहाने, आठाने जाणारच नाही, ते सोडून द्यायचे. जे उरतात त्यांतला एकही, अगदी शेवटचा तीनशे तेराही, जात नव्हता. आत कोणी नाही, तर बाहेरही कोणी नाही. पुढे शोधायलाच नको.

“अशा नंबरले आम्ही हिंदीत अभाज्य म्हणतो,” ती म्हणाली. “मराठीत मूळ संख्या. सहा अंकी आकड्यांत ही सगळ्यात पहिली मूळ संख्या आहे.”

असं आहे होय! माझ्या घरात कोणी झोपलेलं नव्हतं. कोणी नव्हतंच. मी आहे आणि सोबतीला एक आहे, बस्स. आता यावर हसावं की रडावं, मला अजून ठरवता आलेलं नाही. माझ्या जातीत चार कोटींहून जास्त अंकांची संख्याही माणसांनी शोधली आहे म्हणे, आणि या जातीला शेवट नाही हेही फार पूर्वीच सिद्ध झालंय. अशांपुढे मी म्हणजे लिंबूटिंबू. पण त्यांनाही असंच एकटं वाटत असेल का? विचारायला जावं तर वाटेत फार घरं आहेत.

“मग करायचं काय?” मंगलाबाईंनी विचारलं. “पौर्णिमा परवावर आली.”

“दोनच रस्ते आहेत,” हिमानी म्हणाली. “एकेक वात एकेका दिव्यात, एक लाख तीन दिवे. नही तर सगळ्या एकाच दिव्यात.”

एवढे दिवे कुठून आणायचे, यावर बायका कुजबुजू लागल्या. सरूबाई अजून ती आपली वात हातात धरून बसल्या होत्या. त्या एकदम उठल्या, जिन्याजवळ गेल्या आणि भागाबाईंच्या शेजारी, पायरीवरच बसल्या. “वाटायचं कायले मग?” त्या म्हणाल्या. “एका ठिकाणी वळल्या, एका ठिकाणी लावू. इथं खाली कायले बसली वं तू? चटईवर चाल.”

भागाबाई उठल्या नाहीत लगेच. त्यांच्याने उठवेचना. सरूबाईंनी हात दिला.

खव्याची मावा जलेबी तळणाऱ्या हलवायाकडून एक जुनी मोठी कढई आणली. त्रिपुरी पौर्णिमेच्या संध्याकाळी ती तापीच्या घाटावर, दगडांच्या चुलीसारख्या मांडणीवर ठेवली. तुपात भिजलेल्या सगळ्या वाती आत. वर तीन जाड. पेटवायचं कोणी म्हणून सगळ्यांनी भागाबाईंकडे बघितलं. त्यांनी डाव्या हातात काडी धरली, पहिली काडी वाऱ्याने विझली. दुसऱ्या वेळी सरूबाईंनी पदराचा आडोसा केला, आणि काडी विझू दिली नाही. आधी जाड वात पेटली. मग तिच्याखालच्या, मग त्यांच्याखालच्या, आणि बघता बघता कढईभर एकच ज्योत उभी राहिली. त्यात माझी कोणती, तुझी कोणती, उरलेली कोणती, हे खुद्द मलाही सांगता आलं नसतं. भागाबाई रडत होत्या आणि वाकड्या तोंडाने हसतही होत्या.

सकाळी कढईत राख होती. वाती संपल्या, मग मीही संपले का? लाख म्हणतो, संख्या जळत नसते. असेल बुवा. पण त्या संध्याकाळची ऊब मला अजून जाणवते, ती कुठून येते मग?

मित्रांनो, माझ्यासारखीला दुसरं काय मागायचं असणार? वाटणीत कोणी उरलं तर त्याच्याकडे बोट दाखवण्याआधी एकदा त्याला पहिलं ठेवून बघा. तेव्हा कोण उरतं, तेही बघा. इतकंच माझं मागणं आहे.

यंदाही गच्चीवर वाती वळल्या, लाख पुऱ्या झाल्या. भागाबाईंच्या डाव्या हाताला आता वळण आलंय. परवा त्यांनी पदराची गाठ सोडली तर लाखावर एकोणीस वाती झाल्या. हिमानीने मोबाईल काढला, बराच वेळ बोटं चालवली आणि खो खो हसत सुटली. एक लाख एकोणीस. माझ्यानंतरची मूळ संख्या तीच. माझ्या पलीकडच्या आळीत ती राहते, बिचारी तीही आपल्या घरात कोण आहे ते शोधत असेल.

“काय झालं वं?” मंगलाबाईंनी विचारलं. “या वेळी जाते का कशानं?”

“जाऊ दे न जाऊ दे,” सरूबाई उरलेल्या कापसातून मान वर न काढता म्हणाल्या. “कढई मी कधीचीच घासून ठेवली.”